तिनेही समुद्र ओलांडला

मैत्रिणींनो, मुकुटबनला आमच्या अंगणातल्या गोडलिंबावर पावसाळ्यात अळ्या येतात. मी त्या काठीनं झटकून टाकायची. एकदा लेकीनं हट्टानं एक अळी बरणीत ठेवली, रोज ताजा पाला घातला आणि पंधरा दिवसांनी त्यातून चक्क फुलपाखरू निघालं! साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच नाद एका मुलीला लागला होता. मारिया सिबिला मेरियन तिचं नाव.

१६४७ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ती जन्मली. वडील लवकर गेले. सावत्र वडील चित्रकार, त्यांच्याजवळ ती चित्रं शिकली. तेराव्या वर्षी तिनं रेशीमकिडे पाळले. किडे चिखलातून आपोआप उपजतात, असं तेव्हा भलेभले मानत. हिनं अंडी, अळी, कोश, फुलपाखरू असं सगळं डोळ्यांनी पाहून, अळी जो पाला खाते त्या झाडासकट रंगवलं. तेही संसार आणि दोन मुली सांभाळून. पुढे नवऱ्याशी पटेना, तेव्हा मुलींना घेऊन वेगळी झाली.

ॲमस्टरडॅमला तिनं परदेशातली फुलपाखरं पाहिली, पण मेलेली, टाचून ठेवलेली. त्यांची अळी कशी, ती खाते काय, हे कोण सांगणार? १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, स्वतःची २५५ चित्रं विकायला काढून ती धाकट्या डोरोथियासह जहाजानं अटलांटिकपार सुरिनामला निघाली. (मी एकटी यवतमाळला जाते म्हटलं तरी घरात चार प्रश्न होतात.)

तिथे गुलामगिरीत राबणाऱ्या बायकांनी तिला झाडपाल्याची माहिती दिली. मूल गुलाम म्हणून जन्मू नये यासाठी त्या शंकासुराच्या बिया खाऊन गर्भ पाडत, हेही तिनं लिहून ठेवलं. ते वाचलं त्या दिवशी दारातल्या शंकासुराची फुलं माझ्यानं तोडवली नाहीत.

तापानं खंगून ती १७०१ मध्ये परतली. १७०५ मध्ये ६० चित्रांचं पुस्तक काढलं. १७१७ मध्ये गेली.

आणि गंमत ऐका. २०१३ मध्ये सुरिनामशेजारच्या फ्रेंच गयानात, समुद्रकिनाऱ्यावर, ‘पेंटेड लेडी’ जातीची थकलेली फुलपाखरं सापडली. ती तिथली नव्हेतच! अंगाला चिकटलेले परागकण आफ्रिकेतल्या झुडपांचे निघाले. अटलांटिकवरून, वाऱ्याच्या आधारानं, पाच ते आठ दिवसांत ती ४,२०० किलोमीटर आली असावीत, असं २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. तोळाभरही वजन नसलेला जीव!

ही जात आपल्या विदर्भातही दिसते. नारिंगी पंख, टोकाला काळं-पांढरं. लेक पाळतीवर आहे, मी बरणी धुऊन ठेवली आहे.