मल्लविद्येचे पुनरुज्जीवक बाळंभटदादा देवधर

श्रीगजाननास वंदन करून यंदाच्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाची ओळख करून देत आहे. मी रेल्वेत इंजिनिअर. लहानपणी गावच्या तालमीत चार वर्षे मल्लखांब केला, एवढाच माझा अधिकार.

उत्सवात मुलांचा मल्लखांब ठेवावा असा विषय निघाला, की पालक विचारतात, याचा पुढे उपयोग काय? २०२० साली केंद्र सरकारने क्रीडापटूंच्या नोकरभरतीच्या यादीत मल्लखांबाचा समावेश केला. तेव्हापासून रेल्वेवाला म्हणून हा प्रश्न मलाच अधिक विचारला जातो. नोकरी मिळाली तर आनंदच आहे. पण मल्लखांब तेवढ्यासाठीच करावा का? याचे उत्तर दादांच्या चरित्रात सापडते.

बाळंभटदादा हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरचे मल्ल. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन बलाढ्य पैलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे होईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले. तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे झाडांवरील वानरांची चपळाई पाहून त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने कुस्तीच सोडली.

मल्लखांब त्यांच्याही आधीचा आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. मागे पडलेल्या या विद्येला दादांनी पुन्हा ऊर्जितावस्था आणली.

मल्लखांब म्हणजे लाकडाचा जोडीदार. अढीत पायांची पकड, बगलीत काखेची पकड. कुस्तीत लागणारे सगळे येथे एकट्याने घोटता येते. खांबाला एरंडेल चोळतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही, पण पकड जरा ढिली पडली की शरीर खाली घसरते. म्हणजे चूक खांबच दाखवतो. उलटे लटकून श्वास सांभाळावा लागतो, भीती गिळावी लागते आणि खाली उभ्या असलेल्या सवंगड्यावर विश्वास ठेवावा लागतो. ताकद, लवचिकपणा, तोल आणि धीर एकाच वेळी घडवणारा दुसरा व्यायाम मला तरी माहीत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेले, त्यांच्याबरोबर दादाही गेले. राज्य गेले, दरबार गेला, कुस्ती जिंकून बक्षीस मिळवण्याचे दिवस सरले. दादा मात्र शिकवीत राहिले. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनी तेथेच मल्लखांबाचे धडे घेतले असे सांगतात. काशीत कोंडभटनाना गोडबोले या शिष्याने आखाड्याची परंपरा चालवली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगापुढे भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली, त्यात मल्लखांबही होता.

तंजावूरकरांना हे वेगळे सांगायला नको. आपले भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले, पण सरस्वती महाल उभा आहे. राज्य जाते, विद्या राहते; मात्र ती पुढच्या हाती देणारा कोणी लागतो. दादांची कुस्ती एका दिवसात संपली, त्यांचे शिकवणे अजून संपलेले नाही. खेळात पदक मिळाले की काम झाले असे वाटते, विद्येत मात्र शिष्य तयार व्हावा लागतो.

आपल्या मेन लाइनवरील विल्लुपुरमला तमिळ मुले उत्तम मल्लखांब करतात. मग आपल्या मराठी घरांतील मुला-मुलींनी मागे का राहावे? खांब पुरायला जागा नसेल तर दोरीचा मल्लखांब आहे. त्याला एक भक्कम आढे, एक दोर आणि एक जाणता शिक्षक पुरतो. पुढील उत्सवापर्यंत निदान दहा मुले तयार व्हावीत, हीच गणरायाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!