मशीनने हात गेला, तर दावा कुणावर? वाट मोकळी करणारे न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो

कारखान्यात प्रेस मशीनमध्ये कामगाराचा हात सापडला. अमेरिकेत त्याला कायद्याने ठरलेली भरपाई मिळते, पण त्या बदल्यात मालकावर सहसा खटला भरता येत नाही. मग मशीनला गार्डच नसेल, तर ते बनवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचता येतं का?

आज येतं. त्याची वाट मोकळी केली बेंजामिन कार्डोझो यांनी. गंमत म्हणजे तो खटला मशीनचा नव्हता, मोटारीच्या चाकाचा होता.

कार्डोझो यांचा जन्म २४ मे १८७० चा, न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबातला. वडील अल्बर्टही न्यायाधीश. पण भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे १८७२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मुलगा पंधराव्या वर्षी कोलंबिया कॉलेजात गेला आणि पुढे कायद्याची पदवी न घेताच वकील झाला. लग्न केलं नाही, मोठी बहीण नेलीसोबतच राहिले.

१९१४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात आले. दोनच वर्षांत ब्यूइक कंपनीविरुद्धचा खटला समोर आला. गाडीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले आणि मालक बाहेर फेकला गेला. चाक ब्यूइकने दुसऱ्या कंपनीकडून घेतलं होतं. नीट तपासलं असतं तर दोष कळला असता. पण कंपनी म्हणाली, गाडी डीलरने विकली, आमचा या माणसाशी करारच नाही.

हा बचाव जुना होता. १८४२ मध्ये इंग्लंडात टपालगाडीचा चालक गाडी मोडून जखमी झाला, म्हणजे अपघात कामावरचाच. त्याचा दावा याच मुद्द्यावर फेटाळला गेला.

कार्डोझो यांनी १९१६ च्या निकालात ही भिंत पाडली. त्यांनी आधार घेतलेल्या खटल्यांत १८८२ चा एक होता: रंगकामासाठी बांधलेली परांची कोसळून कामगार मेला आणि ती बांधणारा जबाबदार ठरला. निष्काळजीपणे बनवलेली वस्तू जिवावर बेतू शकते आणि ती विकत घेणाऱ्याशिवाय इतरही वापरणार, हे माहीत असेल तर करार नसला तरी काळजी घ्यायलाच हवी, असा त्यांचा निष्कर्ष.

कामगारासाठी हे मोठं होतं. मशीन विकत घेतो मालक. करारात कामगार कधी नसतोच.

पण लगेच सगळं सुटलं, असं मुळीच नाही. कार्डोझो १९३२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि ९ जुलै १९३८ ला वारले. त्यानंतर १९५० मध्ये त्यांच्याच जुन्या न्यायालयाने, शेतावर कांद्याची पात कापणाऱ्या यंत्रात हात सापडून जखमी झालेल्या माणसाचा दावा फेटाळला. कारण? धोका डोळ्यांना दिसत होता! म्हणजे रोलर उघडे ठेवा आणि सुटा.

हा नियम त्या न्यायालयाने मोडला तो थेट १९७६ मध्ये. त्या वेळी हात सापडला होता छपाईच्या मशीनमध्ये.