होरेस मॅन आणि शाळेंतील प्रार्थना

सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळेंत ईश्वरप्रार्थना व धर्मग्रंथाचें वाचन असावें कीं नसावें, हा वाद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जवळजवळ दोनशें वर्षें चालला आहे, आणि तो मिटला असें अजूनहि म्हणवत नाहीं. 2022 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, सामना संपल्यावर मैदानांत गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका शाळेच्या फुटबॉल-शिक्षकाच्या बाजूनें निकाल दिला. 2024 सालीं लुइझियाना संस्थानानें प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गांत बायबलांतील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला, व तोहि लागलाच न्यायालयांत गेला. हें वाचून आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, परक्याच्या घरचें भांडण, आपणांस त्याचें काय? आमचें मत तसें नाहीं. ज्या ज्या देशांत अनेक धर्मांचीं मुलें एका फळ्यासमोर बसतात, त्या प्रत्येक देशाचें हें भांडण आहे. आणि तें मुळापासून समजून घ्यावयाचें असेल, तर ज्या पुरुषास अमेरिकेंतील सार्वजनिक शाळांचा जनक म्हणतात, त्या होरेस मॅन ह्यांचें चरित्र पाहावें. त्यांचा मोठेपणा जितका बोधप्रद आहे, तितकीच त्यांची एक चूकहि बोधप्रद आहे.

मॅन ह्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रँक्लिन ह्या गांवीं 4 मे 1796 रोजीं एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. घरांत काम फार आणि पैसा थोडा. गवताच्या काड्यांच्या वेण्या विणून त्यांनीं आपल्या पुस्तकांचे पैसे मिळविले. शाळा वर्षांतून आठ-दहा आठवडेच भरे; बाकीचें शिक्षण गांवच्या ग्रंथालयांत झालें. ह्या ग्रंथालयाची हकीकत मोठी मौजेची आहे. गांवानें बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांचें नांव घेतलें, तेव्हां त्यांनीं देवळासाठीं एक घंटा द्यावी अशी गांवकऱ्यांची अपेक्षा होती. फ्रँक्लिन ह्यांनीं घंटेऐवजीं पुस्तकें पाठविलीं. त्या पुस्तकांचा सर्वांत मोठा लाभ झाला तो ह्या गरीब मुलास.

ते तेरा वर्षांचे असतांना वडील वारले. पुढील वर्षीं एका रविवारीं त्यांचा भाऊ स्टीफन पाण्यांत बुडून मेला. गांवचे धर्मोपदेशक नथॅनिएल एमन्स हे कडव्या कॅल्व्हिनपंथाचे होते. शोकांत बुडालेल्या कुटुंबासमोर सांत्वनाचे चार शब्द बोलावयाचे सोडून, मनःपरिवर्तन झाल्यावांचून मरणाऱ्या तरुणांची गति काय होते, ह्यावर त्यांनीं प्रवचन केलें. तें ऐकून आईनें टाकलेला हुंदका ह्या मुलाच्या कानीं पडला, आणि तो जन्मभर त्यांच्या कानांतून गेला नाहीं. कॅल्व्हिनपंथ त्यांच्या मनांतून कायमचा उतरला; पुढें ते उदार अशा युनिटेरियन पंथाकडे वळले. कोवळ्या मनावर धर्माचा धाक घालणें म्हणजे काय, हें मॅन ह्यांनीं पुस्तकांत वाचलेलें नव्हतें, सोसलेलें होतें.

1819 सालीं ब्राउन विद्यापीठाची परीक्षा त्यांनीं पहिल्या मानानें दिली, लिचफील्ड येथें कायद्याचा अभ्यास केला व 1823 सालीं डेडहॅम येथें वकिली सुरू केली. 1827 सालीं ते कायदेमंडळांत निवडून आले, व पुढें वरिष्ठ सभेचे अध्यक्षहि झाले. वेड्यांस तुरुंगांत डांबण्याऐवजीं त्यांच्यासाठीं वुस्टर येथें सरकारी रुग्णालय काढविण्यांत त्यांचाच पुढाकार होता. 1837 सालीं संस्थानानें शिक्षणमंडळ स्थापलें आणि त्याचें चिटणीसपद मॅन ह्यांस देऊं केलें. वेतन वर्षास 1500 डॉलर. अधिकार जवळजवळ शून्य. काम एवढेंच कीं, शाळा पाहाव्या, माहिती गोळा करावी आणि लोकांस पटवावें. मॅन ह्यांनीं वकिली सोडली व तें काम पत्करलें. आम्ही स्वतः त्याच धंद्यांतले आहों. चालती वकिली सोडणें म्हणजे काय, हें आम्हांस कोणी सांगावयास नको.

बारा वर्षें त्यांनीं संस्थान पालथें घातलें. मोडक्या शाळा, अर्धशिक्षित शिक्षक, श्रीमंतांचीं मुलें खाजगी शाळांत आणि गरिबांचीं रस्त्यावर, हें चित्र त्यांनीं वर्षावर्षाच्या अहवालांतून लोकांपुढें मांडलें. शिक्षक तयार करणारी देशांतील पहिली सरकारी शाळा 1839 सालीं लेक्झिंग्टन येथें निघाली. पहिल्या दिवशीं विद्यार्थिनी अवघ्या तीन होत्या. त्यांचें ध्येय असें कीं, गरीब व श्रीमंत, ह्या पंथाचा व त्या पंथाचा, सर्वांचीं मुलें एका छपराखालीं शिकावीं. पण सर्वांच्या करांतून चालणाऱ्या शाळेंत धर्म कोणाचा शिकवावयाचा? येथेंच खरी अडचण होती.

मॅसॅच्युसेट्सच्या 1827 च्या कायद्यानें कोणत्याहि एका पंथाच्या मतांस अनुकूल असें पुस्तक शाळांत वापरण्यास मनाई केली होती. मॅन ह्यांनीं हा कायदा मनापासून पाळला. अमेरिकन संडे-स्कूल युनियनच्या वतीनें फ्रेडरिक पॅकर्ड ह्यांनीं मुलांचें एक धार्मिक पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांसाठीं पुढें केलें; मुलांच्या लहानसहान अपराधांस परलोकच्या शिक्षेचा धाक घालणारें तें पुस्तक मॅन ह्यांनीं नाकारलें. झालें! मॅन हे शाळेंतून देवास हांकून देत आहेत अशी ओरड उठली. 1840 सालीं शिक्षणमंडळच बंद करावें असा प्रस्ताव कायदेमंडळांत आला. तो बहुमतानें फेटाळला गेला म्हणून मंडळ वांचलें.

वस्तुतः मॅन ह्यांनीं देवास बाहेर काढलें नव्हतें. सर्व ख्रिस्ती लोकांस मान्य असे जे नीतीचे व भक्तीचे विचार आहेत, ते शाळेंत असावे, आणि बायबल रोज वाचावें, परंतु त्यावर शिक्षकानें भाष्य करूं नये. ग्रंथानें स्वतःच बोलावें, अशी त्यांची तडजोड होती. 1848 च्या बाराव्या अहवालांत त्यांनीं ह्याच प्रश्नाचा सविस्तर विचार केला. ज्या मताला आपण खोटें मानतों, तें आपल्याच मुलांस शिकविण्यासाठीं आपल्याकडून कर घेणें हा जुलूम होय, हा त्यांचा युक्तिवाद कोणाहि वकिलास मान खालीं घालावयास लावील इतका बिनतोड आहे.

परंतु दुर्दैव असें कीं, हाच युक्तिवाद मॅन ह्यांच्या तडजोडीवर उलटत होता, आणि तें त्यांस दिसलें नाहीं. शाळेंत वाचलें जाणारें बायबल प्रॉटेस्टंटांचें, राजा जेम्सच्या वेळचें भाषांतर होतें. कॅथॉलिकांचें भाषांतर निराळें, दहा आज्ञांची मांडणी निराळी. शिवाय, चर्चच्या विवरणावांचून प्रत्येकानें बायबल आपलें आपण वाचावें, हेंच मुळीं प्रॉटेस्टंट मत. तेव्हां भाष्यावांचून वाचन हें युनिटेरियनास निःपक्षपाती वाटे, तर आयर्लंडहून आलेल्या मजुरास तो आपल्या मुलावर झालेला दुसऱ्या पंथाचा संस्कार वाटे. ज्या दुकानदाराचें माप त्याच्याच घरीं केलेलें असतें, त्यास तें नेहमीं बरोबरच वाटतें. खोट दिसते ती गिऱ्हाइकास. मॅन अप्रामाणिक नव्हते. पण माप त्यांच्या घरचें होतें.

ही खोट केवढी महाग पडली, हें दुसऱ्या संस्थानाच्या उदाहरणावरून दिसेल. पेन्सिल्व्हेनियांतील फिलाडेल्फिया शहरांत 1842 सालीं बिशप केन्रिक ह्यांनीं, कॅथॉलिक मुलांस शाळेंत आपलें बायबल वाचूं द्यावें, एवढीच विनंति केली. तिच्यावरून बायबल शाळेंतून काढण्याचा कट चालला आहे अशी आवई उठली. 1844 च्या मे व जुलै महिन्यांत दंगे झाले; दोन कॅथॉलिक चर्चें जळालीं आणि वीसांच्या वर माणसें मेलीं. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्यें 1855 सालीं शाळेंत रोज बायबल वाचणें कायद्यानें सक्तीचें झालें. मार्च 1859 मध्यें बॉस्टनच्या एका शाळेंत एका लहान कॅथॉलिक मुलानें प्रॉटेस्टंट पद्धतीच्या दहा आज्ञा म्हणण्यास नकार दिला, म्हणून त्याच्या हातांवर सुमारें अर्धा तास छडी चालली. शेंकडों मुलें शाळेबाहेर पडलीं. मारणारा शिक्षक न्यायालयांत निर्दोष सुटला.

त्या वेळीं मॅन दूर ओहायो संस्थानांत होते. मध्यंतरीं ते अमेरिकन काँग्रेसमध्यें निवडून जाऊन गुलामगिरीविरुद्ध झगडले होते, गव्हर्नरपदाची निवडणूक हरले होते, आणि 1853 पासून यलो स्प्रिंग्ज येथील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष होते. तेथें त्यांनीं मुलींस मुलांच्या बरोबरीनें शिक्षण दिलें. 2 ऑगस्ट 1859 रोजीं, बॉस्टनच्या त्या प्रकारानंतर पांच महिन्यांच्या आंत, त्यांचें देहावसान झालें. कॅथॉलिकांनीं मात्र बोध घेतला: आपल्या मुलांसाठीं निराळ्या शाळा काढाव्या. 1884 सालीं बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेनें प्रत्येक पॅरिशमध्यें शाळा हवीच असें ठरविलें. सर्व मुलें एका छपराखालीं, हें मॅन ह्यांचें ध्येय मॅन ह्यांच्याच तडजोडीनें दुभंगलें.

मॅन ह्यांच्या मृत्यूनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानें ह्या तडजोडीचा निकाल लावला. 1962 सालीं न्यू यॉर्कच्या अधिकाऱ्यांनीं रचलेली, कोणत्याहि पंथाचें नांव नसलेली लहानशी प्रार्थना घटनाविरुद्ध ठरली. 1963 सालीं पेन्सिल्व्हेनियाचा कायदा रद्द झाला. त्यांत रोज बायबलांतील निदान दहा वचनें भाष्यावांचून वाचावीं, असें होतें. हें मॅन ह्यांचेंच सूत्र! आणि दाद मागणारें कुटुंब कोणतें? फिलाडेल्फियाजवळचें, युनिटेरियन पंथाचें. ज्या पंथाच्या पुरुषानें तें सूत्र रूढ केलें, त्याच पंथाच्या मुलांस शेवटीं तें जाचलें. पालकानें चिठ्ठी दिल्यास मुलास वगळण्याची सोय त्या कायद्यांत होती. पण मूल वर्गांत विचित्र ठरेल ह्या भीतीनें बापानें ती घेतली नाहीं. ही भीति न्यायाधीशांपेक्षां आईबापांस अधिक समजेल. ह्या निकालानें कोणा मुलास स्वतःपुरती प्रार्थना करण्याची बंदी केली नाहीं, किंवा धर्माचा इतिहास शिकविण्याचीहि केली नाहीं. बंदी झाली ती सरकारनें प्रार्थना सांगण्याची.

प्रार्थनेवांचून मुलें नीतिभ्रष्ट होतील, असें म्हणणारे सर्वच लोक दुराग्रही असतात असें आम्ही म्हणत नाहीं. मॅन ह्यांसहि तीच काळजी होती. पण नीति मुलाच्या अंगीं येते ती शिक्षकाच्या खऱ्या वागण्यानें व घरच्या वळणानें. न पटणारी प्रार्थना ओठांनीं म्हणणारें मूल धर्म शिकत नाहीं, ढोंग शिकतें.

आमच्या घटनेच्या 28 व्या कलमानें पूर्णपणें सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षण मना केलें आहे. आणि सरकारमान्य वा अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणासहि, अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवांचून, धार्मिक शिक्षण वा उपासना यांत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. तरी नाशिक येथील एका शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं हात न जोडणाऱ्या शिक्षकाची वेतनश्रेणी अडली, आणि त्यास 2013 सालीं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन न्याय मिळवावा लागला. मोठ्या माणसाची ही गत, तर आठ वर्षांच्या मुलानें कोणाकडे जावें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण शाळांच्या समित्यांवर आहेत, पुष्कळांच्या देणग्यांवर शाळा उभ्या आहेत. त्यांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या शाळेंतील प्रार्थना आपणांस सर्वांची वाटत असेल. मॅन ह्यांसहि आपली तशीच वाटत होती. ती खरोखर सर्वांची आहे कीं नाहीं, हें आपल्या आवडीवरून ठरवूं नका. ज्या मुलाच्या घरीं ती म्हटली जात नाहीं, असें एखादें मूल रांगेंत असतें. तें न लाजतां व न भितां गप्प उभें राहूं शकतें काय, एवढें उद्यां सकाळीं शाळेंत जाऊन पाहा.