प्रा. लेव्ही : बीजगणिताचा निर्वासित शिक्षक

आधुनिक बीजगणित आपल्या देशातील विद्यापीठांत रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांत एक जर्मन शिक्षक होते. त्यांचे नाव प्रा. फ्रीडरिश विल्हेल्म लेव्ही. विद्यार्थी मित्रांनो, त्यांचे चरित्र प्रत्येकाने समजून घेण्याजोगे आहे.

लेव्ही यांचा जन्म 6 फेब्रुवारी 1888 रोजी आल्सास प्रांतात एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता; आज तो फ्रान्समध्ये आहे. स्ट्रासबुर्ग येथे 1911 साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या बाजूने लढले आणि पुढे लाइपझिग विद्यापीठात शिकवू लागले.

त्यांचा आवडता विषय म्हणजे क्रमित गट. पूर्णांकांत 3 हा 5 पेक्षा लहान आहे. दोहोंत 4 मिळविले तरी 7 हा 9 पेक्षा लहानच राहतो. ज्या गटात लहानमोठेपणाचा असा टिकाऊ क्रम लावता येतो, तो क्रमित गट होय.

घड्याळाच्या तासांना मात्र असा क्रम लावता येत नाही. येथे 12 म्हणजे शून्यच. समजा, 12 हा 1 पेक्षा लहान मानला. दोन्हीकडे एकेक मिळवीत गेल्यास 1 हा 2 पेक्षा लहान, 2 हा 3 पेक्षा लहान, असे करता करता 11 हा 12 पेक्षा लहान ठरतो. म्हणजे 12 हा स्वतःपेक्षाच लहान! उलट मानले तरी हीच अडचण. ज्या गटात क्रिया उलटसुलट केली तरी उत्तर तेच येते, तेथे असे फिरून शून्यावर येणारे घटक नसतील तर क्रम निश्चित लावता येतो, हे लेव्हींनी 1913 साली सिद्ध केले.

इतर गटांत प्रश्न अवघड होतो. पेटी उघडावी, आत वस्तू ठेवावी, पेटी बंद करावी. पहिली व शेवटची कृती परस्परविरुद्ध आणि मूळ काम मधले. बीजगणितात अशा रीतीने बनलेल्या घटकास मधल्या घटकाचा संयुग्मी म्हणतात. क्रमित गटात धन घटकाचा संयुग्मी नेहमी धनच राहतो. म्हणून क्रम लावू पाहणाऱ्याला आधी संयुग्मी घटकांचा विचार करावा लागतो.

1935 साली नाझी राजवटीने लेव्हींना केवळ ज्यू म्हणून विद्यापीठातून काढले. युद्धात केलेली देशसेवाही कामी आली नाही. हायझेनबर्ग, व्हान डेर वार्डन अशा सहकाऱ्यांनी केलेला विरोधही व्यर्थ गेला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हा शिक्षक वर्गाविना झाला.

अशा वेळी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना गणिताचे प्राध्यापकपद दिले. परक्या देशात ते खचून बसले नाहीत. त्यांनी तेथे आधुनिक बीजगणित शिकविण्यास सुरुवात केली. क्रमित गटांवरील त्यांचे नवे लेख 1942 व 1943 साली भारतीय नियतकालिकातच छापले गेले. 1948 साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. 1952 साली ते जर्मनीस परतले आणि 1966 साली फ्रायबुर्ग येथे निधन पावले.

त्यांची विद्या मात्र येथेच फळास आली. कलकत्त्यात त्यांच्यामुळे आधुनिक बीजगणिताकडे वळलेल्यांत राजचंद्र बोस होते. शेतीच्या प्रयोगांत कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे पेरून तुलना करावी, या मांडणीसाठी बोसांनी ते बीजगणित वापरले. पुढे बोस यांचे शिष्य झाले शरदचंद्र श्रीखंडे, आपल्या नागपुरात शिकलेले. ऑयलर या थोर गणितज्ञाने 1782 साली चौरसांतील मांडणीविषयी केलेले अनुमान बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी 1959 साली खोटे ठरविले. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले.

पालकहो, लेव्हींची खुर्ची, घर, देश सारे हिरावले गेले; परंतु डोक्यातील विद्या कोणाला काढून घेता आली नाही. ती त्यांनी जेथे आसरा मिळाला तेथे वाटली, आणि शिष्यामार्फत ती नागपुरात शिकलेल्या मुलापर्यंत पोहोचली. आपल्या मुलामुलींसाठी जे काही साठवाल, त्यात ही ठेव आधी ठेवावी.