भास्कराचार्यांचा भागाकार
काचिगुड्याला माझी मामेबहीण दहावीत आहे. परवा तिचं गणित अडलं. पेटीचं घनफळ दिलेलं, तळाचं क्षेत्रफळ दिलेलं, दोन्ही बहुपदी, उंची काढायची. भागाकारच तो, पण ती रडकुंडीला आलेली. हे असलं आपल्याकडे कुणी केलं होतं का, म्हणून विचारलंन. मी सवयीने भास्कराचार्य म्हटलं आणि लीलावतीची गोष्ट सुरू केली. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला वगैरे. त्यात भागाकार कुठंय, तिने विचारलं. मी गप्प.

मागच्या वर्षी मंडळातही मी हीच गोष्ट सांगितली होती, टाळ्याही मिळाल्या. आता शोधलं तर कळलं, भास्कराचार्यांनी स्वतः ती कुठेच लिहिलेली नाही. ती येते फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशे वर्षांनंतर!

खरा माणूस असा. जन्म १११४ चा, गाव सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जलविड, गुरू म्हणजे वडीलच, महेश्वर. ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातल्या 'बीजगणित' भागात आमचा भागाकार सापडला. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणतात, लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात राशी आली की काळा, निळा, पिवळा असे रंग! सुट्या संख्येला 'रू', आणि उणे असेल तर अंकाच्या डोक्यावर टिंब. उदाहरण त्यांचंच: १५क्ष² + ७क्ष − २ ला ३क्ष + २ ने भागायचं. भाजकाची ५क्ष पट वजा केली की −३क्ष − २ उरतं. मग −१ पट वजा केली की शून्य. उत्तर ५क्ष − १. आपण आजही हेच करतो. हा भागाकार एकट्या त्यांचाच असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच शतकात बगदादचा अस-समवालही बहुपदी भागत होता.

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तिथे १२०७ चा शिलालेख आहे. 'बीजगणित' फारसीत नेलं शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदीने. औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्याचा वास्तुकार तो हाच. पेटीची उंची काढणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

मग बहिणीला मी भास्कराचार्यांचाच तळ दिला, १५क्ष² + ७क्ष − २, आणि घनफळ १५क्ष³ + २२क्ष² + ५क्ष − २. तिने क्षच्या जागी 'या' लिहिला, दोनदा खोडलं, आणि उंची काढली: या १ रू १.