विश्लेषण : बिघाड होण्याआधीच तो कसा शोधतात? होमी भाभा, तारापूर आणि ‘एफएमईए’

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्ट्यात एकीकडे रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आहेत, तर दुसरीकडे समुद्रकिनारी देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र. यंत्र बिघडण्याआधी बिघाड कसा ओळखायचा, हा प्रश्न दोन्हीकडे रोजचा. त्यासाठी अभियंते ‘एफएमईए’ ही पद्धत वापरतात. तारापूर प्रकल्पाचा पाया घालणारे डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्यात हाच प्रश्न सतत होता आणि त्यांच्या मृत्यूमागेही तोच होता.

‘एफएमईए’ म्हणजे काय?

‘फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अ‍ॅनालिसिस’ म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारे होऊ शकतो आणि त्याचे परिणाम काय होतील, याचा आधीच केलेला अभ्यास. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये त्याची लेखी कार्यपद्धती ठरवली. पुढे अपोलो चांद्रमोहिमेत आणि नंतर वाहन उद्योगात ती रुजली. उत्पादन, देखभाल, गुणवत्ता अशा विभागांतील माणसे एकत्र बसून प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारतात. बिघाड झाला तर परिणाम किती गंभीर? तो किती वेळा होऊ शकतो? आणि नुकसान होण्याआधी तो लक्षात येईल का? प्रत्येकाला १ ते १० गुण दिले जातात. बिघाड लक्षात येणे जितके अवघड, तितके तिसऱ्या प्रश्नाचे गुण जास्त. तिन्हींचा गुणाकार म्हणजे जोखमीचा आकडा.

भाभा मूळचे अभियंता होते?

हो. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेल्या भाभांनी अभियंता होऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९३० मध्ये त्यांनी केंब्रिजमधून यांत्रिकी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण केली आणि मग ते भौतिकशास्त्राकडे वळले. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि १९५४ मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्र त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली.

सुरक्षेबाबत त्यांची भूमिका काय होती?

भाभांनी ‘एफएमईए’ हा शब्द वापरल्याची नोंद नाही, पण दिशा तीच होती. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांनी तुर्भे केंद्रासाठी लेखी आदेश काढला. किरणोत्सारी पदार्थ हाताळताना कामगारांना किंवा इतर कोणालाही इजा होता कामा नये आणि देशातील इतर संस्थांनी आदर्श घ्यावा असे काम व्हावे, असा त्याचा आशय होता. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले १९८३ मध्ये. म्हणजे नियम लागू करणारी यंत्रणा येण्याच्या दोन दशके आधीच जबाबदारी लेखी ठरली होती.

तारापूरच का?

महाराष्ट्र आणि गुजरातचा हा किनारी पट्टा कोळसा खाणींपासून दूर. तारापूर दोन्ही राज्यांना वीज देण्यास सोयीचे आणि थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी शेजारीच. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम देण्यात आले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. ते पाहायला भाभा हयात नव्हते.

पहिल्या दोन्ही अणुभट्ट्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती. पुढे दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्याने ती वापरातून काढली गेली आणि क्षमता १६० मेगावॉटवर आणावी लागली. एक भाग बाजूला काढून उरलेली यंत्रणा सुरक्षित चालवता येईल का, हा प्रश्नही याच अभ्यासाचा भाग असतो.

भाभांचे विमान कसे कोसळले?

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण दगावले. घातपाताच्या चर्चा आजही होतात. मात्र अधिकृत चौकशीत निघालेले कारण वेगळे होते.

विमानाची जागा सांगणाऱ्या रेडिओ उपकरणांपैकी एक बंद होते. बैरूट सोडतानाच वैमानिकाला ते माहीत होते. त्याचा जागेचा अंदाज चुकला. नियंत्रकाला रडारवर ती चूक दिसली आणि त्याने दुरुस्ती कळवली, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वत मागे पडला, असे समजून वैमानिक विमान खाली आणत राहिला.

या अपघातातून ‘एफएमईए’बद्दल काय कळते?

बंद उपकरण माहीत होते आणि चूकही दिसली होती. तरीही ज्याने निर्णय घ्यायचा, त्याच्यापर्यंत माहिती नीट पोहोचली नाही. म्हणून तक्त्यातला ‘लक्षात येईल का’ हा रकाना केवळ यंत्राबद्दल नसतो. इशारा कोणाला मिळणार, त्याला तो समजणार का आणि हाताशी वेळ किती, हेही त्यात तपासावे लागते.

कारखान्यात हे कसे करतात?

समजा, रसायनाच्या टाकीला थंड ठेवणारा पंप बंद पडला. तापमान वाढून स्फोट होऊ शकतो, म्हणून गांभीर्य ९. पंप अधूनमधून बंद पडतो, म्हणून ४. पाळीतला कामगार फेरी मारेल तेव्हाच कळेल, म्हणून ७. गुणाकार २५२. पाण्याचा प्रवाह थांबताच वाजणारा भोंगा बसवला, तर शेवटचा आकडा २ होतो आणि गुणाकार ७२ वर येतो. पण गांभीर्य ९ च राहते. म्हणून केवळ गुणाकार कमी झाला, यावर समाधान मानता येत नाही. वाहन उद्योगाच्या २०१९ च्या नव्या पुस्तिकेत तर गुणाकाराऐवजी गांभीर्याला अग्रक्रम देणारी पद्धत आली आहे.

बोईसरसाठी हे का महत्त्वाचे?

तारापूर औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवशी जुन्या तक्त्यावर तारीख बदलली, तर कागद पूर्ण होतो, धोका तसाच राहतो. तक्ता भरताना रात्रपाळीचा ऑपरेटर त्या खोलीत बसलेला असावा लागतो. कोणता व्हॉल्व्ह अडकतो आणि कोणता भोंगा ऐकू येत नाही, हे सर्वात आधी त्यालाच माहीत असते.