टिळकांचे घर

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले ते आपल्या विदर्भाच्या सीमेवर. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या, त्याही सोवळे सांभाळीत; स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक मोठे तापट, परंतु त्यांनी सक्ती केली नाही. त्यांच्या प्रवचनांहून हा संयम मला अधिक ख्रिस्ती वाटतो. १९०० मध्ये लक्ष्मीबाई स्वेच्छेने ख्रिस्ती झाल्या. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. अर्थशास्त्राच्या अध्यापकास हा व्यवहार आतबट्ट्याचाच दिसणार. घरखर्चाची तोंडमिळवणी करणे लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आले.